भाव येईपर्यंत

१

रविवारी चर्चमधल्या सातच्या मिस्साहून परतले आणि पायातल्या चपला काढायच्या आत गॉडफ्रेचा फोन आला.

“फ्लॉसीबाय, पंपावर ये. आत्ता.”

बोळिंजहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा लोपीस पंप मी माझ्या घराइतकाच ओळखते. एकोणीसशे चौऱ्याहत्तरात मॅट्रिक होऊन तिथल्या केबिनमध्ये बसले, ती एकतीस वर्षांनी उठले. गॉडफ्रेचे वडील बॅप्टिस्ट लोपीस तेव्हा मालक. रस्त्याला दोन्हीकडून केळीच्या वाड्या होत्या. दिवसाला वीस-पंचवीस गाड्या यायच्या आणि दोन गाड्यांच्या मध्ये स्वेटरची अर्धी बाही विणून व्हायची. वाड्या गेल्या, तिथे इमारती आल्या. आता त्या रस्त्यावर दोन गाड्यांच्या मध्ये माणसाला रस्ताही ओलांडता येत नाही.

त्या सकाळी मात्र पंपावर एकही गाडी नव्हती. केबिनची काच फुटून जमिनीवर पसरली होती. अर्नाळ्याची पन्नासेक माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती आणि एक हवालदार त्यांच्यापुढे आडवा हात धरून उभा होता. “चोर! साठेबाज!” कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, “माणूस मेला तरी चालेल, यांचे तीन रुपये वाढले पायजेत!”

झालं होतं ते असं. दोन महिने पेट्रोलचा दर चढत होता. रविवारी मोठी उडी बसणार असं टीव्हीवाले दोन दिवस ओरडत होते. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पंपावर ‘पेट्रोल संपले’ अशी पाटी लागली. रविवारी सकाळी सहाला नवा दर लागला, लिटरमागे तीन रुपये जास्त, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी पंप सुरू झाला. मध्ये टँकर आला नव्हता. मग पेट्रोल आलं कुठून?

शनिवारी संध्याकाळी परत पाठवलेल्यांत एक टेम्पो होता. त्यात अर्नाळ्याचा चंद्रहास, जाळी विणणारा माणूस, अर्धांगाच्या झटक्याने आडवा पडला होता. पंपावरून दोन किलोमीटरवर तो टेम्पो बंद पडला.

गॉडफ्रे केबिनच्या दारात उभा होता. सहासष्ट वर्षांचा माणूस, एका सकाळीत ऐंशीचा दिसत होता. त्याच्यामागे त्याचा मुलगा शेल्डन मोबाइल हातात घेऊन येरझाऱ्या घालत होता.

“कोणी लावली पाटी?” मी विचारलं.

“लतिकाने,” शेल्डन म्हणाला. “शनिवारची सुपरवायझर. डॅडी नांदाखालला लग्नाला होते, मी बहिणीबरोबर, एलिनाबरोबर वसईला, तिच्या लग्नाच्या ड्रेसच्या ट्रायलला. तिने स्वतःच्या मनाने केलं. उद्या अकरा वाजता कंपनीचा ऑफिसर येतोय. मी तिचं नाव लिहून देणार. सिंपल.”

“आणि अर्नाळेवाले तिच्यावर पोलिस कंप्लेंट करणार,” गॉडफ्रे हळूच म्हणाला. “फ्लॉसीबाय, पोरगी तशी नाय. पन मग कोन? तूच बघ. तुला इथला खिळा न् खिळा माहीत.”

हातात उद्याच्या अकरापर्यंतचा वेळ होता. मी पाटी उचलली. जुना पत्रा, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पेट्रोल संपले’. ‘ल’चा पाय जरा जास्तच लांब ओढलेला.

ते अक्षर माझं होतं.

२

चंद्रहास विरारच्या इस्पितळात अतिदक्षता विभागात होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको यमुना बसली होती. अर्नाळ्याहून टोपली घेऊन ती आमच्या आळीत यायची तेव्हा मी तिच्याकडून बोंबील घेत असे. मला बघून ती सरकली नाही.

“लोपीसनं धाडली तुला?”

“मी आपणहून आले.”

“मंग बस.”

मी बसले. तिची नजर आतल्या दारावर होती.

“हात उचलत नाय,” ती म्हणाली. “उजवा. डाक्तर बोलला, अर्धा तास आधी आनला असता तर कदाचित. कदाचित बोलला. त्या हातानं तो जाळं विनतो, बाय. दुसरं काय येतं त्याला?”

“शनिवारी काय झालं ते सांग.”

“माझ्या भावाचा टेम्पो होता. काटा खाली गेलेला, म्हनून पंपावर वळला. पाटी बघितली. मी उतरले, त्या पोरीला बोलले, थोडं तरी घाल, दोन लिटर घाल. ती बोलली, संपलंय मावशी. मान खाली घालून बोलली. मी तेव्हाच समजले.”

“काय समजलीस?”

यमुना हसली, पण ते हसणं नव्हतं. “तुमच्या पंपाची तब्येत लय नाजूक हाय, बाय. रेट चढायच्या आदल्या सांजेला बरोबर आजारी पडतो. माझा भाव रोज तिथनं जातो, तो सांगतो. एकदा या मशीनवर लाल पिशवी, एकदा त्या मशीनवर. ‘दुरुस्ती चालू.’ सकाळी सहाला ठनठनीत! कोन डाक्तर येतो रात्रीतून?”

मी निघायला उठले.

“उद्या अकरा वाजता साहेब येनार तेव्हा मी पन येनार,” ती म्हणाली. “ज्यानं केलं त्याचं नाव मला पायजे. पोरीचं असेल तर पोरीचं. पन खरं पायजे. नायतर पंप राहनार नाय.”

३

पंपावर परतले तेव्हा गर्दी पांगली होती. मी प्रथम टाकीच्या मापाची वही काढली. पंपावर रोज सकाळ-संध्याकाळ टाकीत मोजपट्टी सोडून पेट्रोल किती आहे ते लिहितात. शनिवार संध्याकाळ, चार हजार शंभर लिटर. रविवार सकाळ, तेवढंच. म्हणजे पेट्रोल होतं. पाटी खोटी होती.

मग दुरुस्तीची वही. मशीन बिघडलं की कारागिराला बोलावून तिथे नोंद करायची, हा नियम मीच घातला होता. दोन महिन्यांत एकही नोंद नव्हती.

“मशीन बिघडलं नव्हतं?” मी शेल्डनला विचारलं.

“छोटं-मोठं काही असतं आंटी. पोरं पिशवी लावतात.” तो खुर्ची ओढून समोर बसला. “तुम्ही मला एक सांगा. रेट आम्ही ठरवतो? नाही. लिटरमागे कमिशन ठरलेलं. रेट चढला तर शिव्या आम्हाला. आणि उतरतो तेव्हा? महाग घेतलेला माल स्वस्तात विकावा लागतो. तेव्हा कोणी येतं का विचारायला, बाबा रे, तुझं किती गेलं?”

ते खोटं नव्हतं. दर उतरल्याच्या सकाळी बॅप्टिस्टना चहा कडू लागायचा, ते मी पाहिलं आहे.

“आणि हिशेब करा ना,” तो म्हणाला. “चार हजार लिटर, तीन रुपये. बारा हजार. बुधवारी माझ्या बहिणीचं लग्न आहे. चार दिवस आधी बारा हजारांसाठी मी पंप पणाला लावीन? एवढा येडा वाटतो मी?”

तेही खरं होतं. शेल्डन लोभी असेल, पण मूर्ख नव्हता. एखाद्या मशीनवर पिशवी टाकणं वेगळं आणि भर संध्याकाळी पंप बंद करून शेकडो माणसं परत पाठवणं वेगळं. असलं उघडंवाघडं काम त्याचं वाटत नव्हतं.

“ही पाटी कुठून आली?” मी विचारलं.

“असेल स्टोअरमध्ये. लतिकाने काढली असणार.”

मी पाटी उलटी केली. पत्रा गंजलेला होता, पण तिला ओवलेली नायलॉनची दोरी निळी, बरीच नवी होती. गाठीवर मात्र धूळ आणि तेलाचा काळा थर बसला होता. ती दोरी शनिवारी ओवलेली नव्हती.

विचार करत मी मागच्या शेडकडे गेले. तिथे बॅप्टिस्टची जुनी फियाट उभी होती, पांढऱ्या रंगात नवरीसारखी नटलेली. एलिना तिच्यातून चर्चला जाणार होती. मेकॅनिक ॲलिस्टर बॉनेटमध्ये डोकं घालून बसला होता.

“चालू झाली?” मी विचारलं.

“इंजिन तयार आहे, आंटी. पण टाकी कोरडी. शनिवारी पेट्रोल मागायला येणार होतो, तर पाटी! मालकांच्याच गाडीला मालकांच्याच पंपावर पेट्रोल नाही. आणि आज ऑस्कर अंकल पहाटेच्या विमानाने मस्कतहून आले, ते घरी गाढ झोपलेत. गाडी तशीच.”

ऑस्कर म्हणजे गॉडफ्रेचा थोरला भाऊ. अकरा वर्षांनी पुतणीच्या लग्नाला आला होता. मी मान हलवून निघाले. डोक्यात पाटीच घोळत होती.

कारण ती पाटी स्टोअरमध्ये असणं शक्यच नव्हतं. दोन हजार पाच साली, माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी, मी ती माझ्या हाताने लोपीसांच्या घरच्या माळ्यावर टाकली होती. लतिका दोन वर्षांपूर्वी कामाला लागली. त्या घराचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता.

४

लतिका बोळिंजच्या एका संकुलात चौथ्या मजल्यावर राहते. माहेर सांगलीकडचं. घरात ती आणि तिची सासू. पाच वाजता मी बेल वाजवली तेव्हा सासूने साखळी लावूनच दार उघडलं.

“पंपावरच्या आहेत का तुम्ही? आता काय सही घ्यायला आलात?”

“आत्या, येऊ द्या त्यांना,” आतून लतिका म्हणाली.

तिचे डोळे सुजले होते. शेल्डनने तिला सकाळीच फोन करून उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. वर पोलिस आले तर वकील बघ, असंही.

“पाटी मी लावली,” ती लगेच म्हणाली. “लपवत नाही.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

तिने दार लोटून घेतलं.

“लतिका, उद्या अकराला तुझं नाव लिहून जाणार आहे. मग पुढची वीस वर्षं कुठल्या पंपावर, कुठल्या दुकानात तुला कोणी उभं करणार नाही. त्या माणसाचं आणखी काही बरंवाईट झालं तर तुरुंग. कोणाला झाकतेस?”

सासूने भिंतीकडे तोंड करून म्हटलं, “सांग की गं बाई. मिठाला जागायचं म्हणून जीव द्यायचा का?”

लतिकाने पदराने नाक पुसलं. “मालकांचा फोन आला होता. गॉडफ्रे सरांचा. पावणेपाचला.”

बावन्न वर्षं मी त्या माणसाला ओळखते.

“ते लग्नात होते. मागे बँड वाजत होता. आधीचं काही कळलंच नाही, पण पुढचं मी स्पष्ट ऐकलं. फोन ठेवल्यावर परत लावला, दोनदा. उचलला नाही. मग मी ड्युटीच्या वहीत लिहून ठेवलं. निरोप आला की लिहायचा, असा नियम आहे ना.”

तिने मोबाइलवर पानाचा फोटो दाखवला. सुवाच्य अक्षर, शाळेतल्यासारखं.

‘मा. मालकांचा निरोप. भाव सकाळी येणार. तोपर्यंत पेट्रोल देऊ नये, कोणी मागितले तरी.’

“अगदी असंच म्हणाले?”

“असंच. म्हणजे त्यांच्या बोलण्यात. मी नीट करून लिहिलं.”

“आणि तू ऐकलंस? सगळा पंप बंद?”

“मला काही नवीन वाटलं नाही, आंटी.” तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “भाव वाढायच्या आधी हात आखडायचा, हे मला तिथंच शिकवलं. ‘भाव येऊ दे, मग सोडू.’ शेल्डन सर म्हणायचे की गावाकडच्या भाषेत बोललं की तुम्हाला पटकन कळतं. पाटी महिनाभर दाराआडच होती, तेच घेऊन आले होते. ‘लागली तर असू दे’ म्हणाले. मला वाटलं, आता लागली.”

जिना उतरताना मी तो निरोप पुन्हा पुन्हा घोळवत होते. काहीतरी खुपत होतं. गॉडफ्रे जन्मापासून पंपावर वाढला. पंपाची माणसं ‘रेट’ म्हणतात. रेट आला, रेट चढला, रेट पडला. बॅप्टिस्ट तसंच म्हणायचे, मी तसंच म्हणते. गावाकडची म्हणून लतिकाशी शेल्डन मुद्दाम वेगळं बोलायचा, पण गॉडफ्रेला असली नक्कल येत नाही. त्याच्या तोंडून दराला ‘भाव’ मी बावन्न वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

मग शनिवारीच कसं?

५

सोमवारी आठ वाजता मी लोपीसांच्या घरी गेले. ओटीवर मांडवाचे बांबू येऊन पडले होते. गॉडफ्रे खुर्चीत बसला होता, समोर चहा गार झालेला.

“तू लतिकाला शनिवारी फोन केला होतास?”

“केला असंल. दिवसातून धा वेळा करतो.”

“पेट्रोल देऊ नको म्हणालास?”

तो ताडकन उठला. “मी? फ्लॉसीबाय, चार लोकांसमोर क्रुसावर हात ठेवतो. पंप बंद कर असं मी बोललो नाय. रेटचं तर नावच काढलं नाय. कोन बोलतो मी बोललो?”

“तिने लिहून ठेवलंय.”

“मग ती खोटी!” पुढच्याच क्षणी तो खाली बसला. “नायतर मी म्हातारा झालो. बोललो नि विसरलो.”

त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. खोटं बोलला की कान लाल होतात. आता कान पांढरे पडले होते. आणि लतिकाही खोटं बोलत नव्हती. दोघं खरं बोलत होती, आणि दोघांचं खरं एका ठिकाणी बसत नव्हतं.

घड्याळात साडेआठ झाले. अकराला अडीच तास.

तेवढ्यात आतून एमिलीची हाक आली. गॉडफ्रेची ही मोठी बहीण, ऐकायला कमी येतं म्हणून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोलते.

“गॉडफ्रे, भाव उठला का? त्याला च्या नेऊन दे!”

गॉडफ्रे म्हणाला, “झोपलाय तो अजून.”

मी हातातला कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे बशीवर आपटलाच.

भाव उठला का. आमच्या घरच्या बोलीत भावाला भाऊ म्हणत नाहीत, ‘भाव’ म्हणतात. सत्तर वर्षं मी हा शब्द ऐकत आले. इस्पितळाच्या बाकावर यमुनाच्या तोंडूनही ऐकला. आणि कागदावर वळणदार अक्षरात लिहिलेला बघितला तेव्हा मला तो ओळखू आला नाही. सगळ्या देशात पेट्रोलचा भाव हाच एक भाव उरला होता जणू.

“गॉडफ्रे,” मी म्हटलं, “शनिवारचा फोन फियाटचा होता का?”

त्याने कपाळ चोळलं. “फियाटचा… हां! ॲलिस्टर पेट्रोल मागायला येनार होता. ऑस्करनं मस्कतहून सांगितलेलं, पप्पांच्या गाडीत पयलं पेट्रोल मी माझ्या हातानं घालनार. म्हनून मी पोरीला बोललो, ॲलिस्टर येल, पन भाव सकाळी येनार, तवर पेट्रोल देव नको, कोनी मागला तरी—”

तो थांबला.

“बँड वाजत होता,” मी म्हटलं. “ॲलिस्टर तिला ऐकू आला नाही. सांगलीच्या मुलीला भाव म्हणजे पेट्रोलचा.”

“येशू माझ्या,” गॉडफ्रे म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “एका शब्दापायी. एका शब्दापायी त्या मानसाचा हात गेला.”

दारात शेल्डन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू पसरलं. “म्हणजे मिसअंडरस्टँडिंग! फर्स्ट क्लास. तिने चुकीचं ऐकलं, तिची चूक. ऑफिसरला हेच सांगू. खल्लास.”

गॉडफ्रेने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते हवं होतं, हे मला दिसत होतं. मलाही हवं होतं. पण शब्द चुकीचा ऐकला एवढ्याने कोणी पंप बंद करत नाही. तसं ऐकायची सवय कोणी लावली, हे सांगायचं राहिलं होतं.

६

अकराला पाच कमी असताना कंपनीचा अधिकारी आला. चष्मा, पातळ फाइल, घाई; केबिनबाहेर मांडलेल्या टेबलाशीच बसला. यमुना आधीच आली होती, तिचा भाऊ आणि गावची चार माणसं बरोबर. लतिका हवेच्या यंत्रापाशी एकटी उभी होती. तिला मी बोलावलं होतं. फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा लावला होता.

मी सगळ्यांना फोनची गोष्ट सांगितली. ‘भाव’ शब्द आला तसा यमुनाच्या भावाने तिच्याकडे पाहिलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. समजावावं लागलं ते अधिकाऱ्याला, दोनदा.

“म्हणजे प्रामाणिक गैरसमज,” तो लिहू लागला. “कर्मचाऱ्याची ऐकण्यातली चूक.”

“करेक्ट,” शेल्डन म्हणाला.

“अर्धंच लिहिताय,” मी म्हटलं.

शेल्डनने ओठ आवळले. “आंटी, प्लीज. डॅडींचा विचार करा. बुधवारी लग्न आहे.”

“साहेब, मला कोणी सांगितलं, रविवारी दर वाढणार म्हणून आज कोणाला पेट्रोल द्यायचं नाही, तर मी उलट विचारीन, हे काय भलतंच? हिचा परतीचा फोन उचलला गेला नाही, तरी हिने पाटी लावली. का, तर हिला ते भलतं वाटलं नाही. ही पाटी लोपीसांच्या माळ्यावर होती. घरच्या माणसाशिवाय कोणी आणू शकत नाही. महिनाभर ती दाराआड तयार होती, दोरी ओवून. गाठीवरची धूळ बघा. दोन महिन्यांत दर चढायच्या आदल्या संध्याकाळी मशीनवर पिशव्या पडल्या, आणि दुरुस्तीच्या वहीत एकही कारागीर नाही. शब्द ऐकण्यात चूक झाली. अर्थ मात्र तिने इथे शिकवला तोच लावला.”

“हे सगळं तुम्हाला कसं माहीत?” अधिकारी म्हणाला.

“कारण पाटी मी लिहिली आहे. नव्वद साली. आखातात युद्धाची तयारी चालली होती आणि दर वाढणार होते. मालक म्हणाले, लिही. टाकीत पेट्रोल होतं. मी लिहिली, आणि दीड दिवस खिडकीत बसून लोकांना संपलं संपलं म्हणाले. तेव्हा कोणी टेम्पोत आडवा पडला नव्हता, की होता, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.”

गॉडफ्रे माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, त्याला माहीत होतं. आम्ही दोघं पस्तीस वर्षं त्यावर बोललो नव्हतो.

मग तो मुलाकडे वळला. “किती वेळा आजारी पडली मशीन?”

“डॅडी, सगळे पंपवाले—”

“आपली. किती वेळा?”

“चार.” शेल्डनने खाली पाहिलं. “एकाच मशीनवर पिशवी. दोन-तीन तास. किती वाचलं असेल? काहीच नाही. अख्खा पंप बंद करायला मी कधीच सांगितलं नसतं.”

“नाय सांगितलंस,” गॉडफ्रे म्हणाला. “सांगायची गरज उरली नाय.”

त्याने अधिकाऱ्याचा कागद ओढून घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. ‘हुकूम माझा होता, तो चुकीचा पोचला. पोचला तसा खरा वाटावा अशी वागणूक माझ्या घरानेच इथे घातली. लतिकाचा दोष नाही.’ सही केली.

अधिकारी म्हणाला, “याचा अर्थ कळतो ना? आजपासून विक्री बंद. चौकशी होईल. डीलरशिपचं मी सांगू शकत नाही.”

“कळतो.”

शेल्डन रस्त्याकडे निघून गेला. मी लतिकाकडे गेले. “पोरी, सुटलीस. कोणी तुला काही करणार नाही.”

ती सरळ टेबलाशी आली. “मला लिहायचंय.”

“गरज नाही,” अधिकारी म्हणाला. “तुमच्यावर काही नाही.”

तिने पेन घेतलं. गॉडफ्रेच्या सहीखाली, त्याच शाळेतल्यासारख्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि कागद फिरवून यमुनापुढे ठेवला.

यमुनाने कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही. तिने तो माझ्या हातात दिला. “वाच.”

मी वाचलं.

“टेम्पोत माणूस आडवा होता आणि त्याचं तोंड वाकडं झालं होतं, हे मला दिसलं होतं. टाकीत पेट्रोल आहे हे मला माहीत होतं, किल्ली माझ्याच हातात होती.”

रस्त्यावरून एक रिकामा टँकर खडखडत गेला. लतिका मान वर करून उभी होती. तिने यमुनावरची नजर काढली नाही. यमुनाचा भाऊ पुढे सरसावला, तसा यमुनाने मागे न बघता त्याचा दंड धरला.

ती लतिकाकडे बघत होती.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं.